हॉटेलचा खर्च कोणाच्या अंगावर?

वर्धा

ती. दादा व वहिनी यांस,

मुलांना घेऊन तीन आठवडे जर्मनीत मित्राच्या घरी उतरायचा तुमचा बेत कळला. जरूर जा, आणि त्यांच्याच घरी उतरा. फक्त हॉटेलचा खर्च वाचतो हे जे कारण तुम्ही दिलंय, ते मला पटलेलं नाही. तो खर्च वाचत नाही, यजमानाच्या अंगावर पडतो. आपल्या घरी तो जाणवत नाही, कारण धुण्याभांड्याला बाई येते आणि चार माणसं वाढली तर आमटीत थोडं पाणी वाढतं. तिकडे नवराबायको दोघंही नोकरीवर. चार जादा ताटं, चार जादा अंथरुणं आणि रोजची आंघोळीची रांग हे सगळं त्यांच्याच संध्याकाळच्या वेळातून वजा होतं. तिथल्या सरकारने तर हा भार कागदावर आणलाय. व्हिसा मागताना खर्चाची ऐपत तुम्हाला स्वतःला दाखवता आली नाही, तर तुमच्या राहण्याजेवणाची, आजारपणाची आणि परतीचीही हमी यजमानाने परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन लिहून द्यावी लागते. फ्रान्समध्ये असा परदेशी पाहुणा घरी ठेवायचा तर नगरपालिकेचा दाखला लागतो. म्हणून तुमचा ३० हजार युरोचा प्रवासविमा आणि बँकेचे कागद तुम्हीच पुरे करा. मैत्रीवर असली सही मागू नये.

मग हॉटेलच बरं, असं वहिनी म्हणतील. मला तसं वाटत नाही, आणि त्याचा दाखला आपल्या वर्ध्याशी नातं असलेल्या माणसाचाच आहे. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी गोलमेज परिषदेला लंडनला गेले, तेव्हा त्यांना चांगल्या हॉटेलात राहता आलं असतं. ते उतरले ईस्ट एंडच्या कामगारवस्तीत, बो भागातल्या किंग्जली हॉलमध्ये, समाजसेविका म्युरिएल लेस्टर यांच्याकडे. बरोबर मुलगा देवदास आणि सहकारी मीराबेन, महादेवभाई, प्यारेलाल. परिषदेची जागा मैलोगणती लांब, त्यामुळे भेटीगाठींसाठी नाइट्सब्रिजला वेगळी जागा घ्यावी लागली आणि सहकारी कुरकुरले. तरी मुक्काम हलला नाही. पहाटेच्या फेरीत भेटणारी गल्लीतली पोरं आणि कामावर निघालेली माणसं सेंट जेम्स राजवाड्यातल्या बैठकीत भेटणार नव्हती. घरात उतरण्याचं खरं कारण हे: देश घराच्या स्वयंपाकखोलीतून आणि शेजारातून दिसतो, हॉटेलच्या खिडकीतून नाही. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. म्युरिएलबाई त्याआधी, १९२६ मध्ये, साबरमतीला आश्रमात राहून गेल्या होत्या. म्हणजे पाहुणचार आधी इकडून झाला होता, मग तिकडून.

इथे आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. गांधीजींचा साधेपणा यजमानांना फुकटात पडत नव्हता. त्यांना गरिबीत ठेवायला किती पैसा लागतो, ही सरोजिनी नायडूंच्या नावावर सांगितली जाणारी थट्टा प्रसिद्धच आहे. शेळीचं दूध, पत्रकार, दारातली गर्दी, स्कॉटलंड यार्डचे दोन पोलीस, हे सगळं लेस्टरबाईंच्या उंबऱ्यावर आलं. ‘आम्हाला काहीच नको’ म्हणणारा पाहुणा पुष्कळदा सगळ्यात जड असतो. त्याच्यासाठी काय करावं हे घरच्यांना कळत नाही. पण या आक्षेपाने घरी उतरणं चुकीचं ठरत नाही, कसं उतरावं तेवढंच ठरतं. सेवाग्रामला १९४२ च्या जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर राहिले. आपल्याकडचा जूनचा उकाडा तुम्हाला ठाऊक आहे. टबात पाणी भरून त्यात एक खोकं ठेवून ते बसले, दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर ठेवला आणि तसेच टंकत राहिले. जेवण मात्र सगळ्यांबरोबर पंगतीत, जे असेल ते. वेगळी सोय त्यांनी स्वतःच्या हिकमतीने केली.

तुम्हालाही तसंच करता येईल. तिथे रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी भाजी-किराणा तुम्ही आणा आणि पैसे तुम्ही द्या. रात्री दहानंतर आवाज चालत नाही, हे मुलांना इथूनच सांगून ठेवा. कचरा कागद, वेष्टन, ओला आणि उरलेला असा वेगळा टाकायचा. पहिल्याच दिवशी थोरल्या मुलाने ते शिकून घ्यावं, म्हणजे डबे बाहेर ठेवायचं काम त्याच्याकडे. भांडी दादांनी घासावीत, वहिनींनी नव्हे. तीन आठवडे सलग एकाच घरी राहू नका. डेन्मार्कमध्ये १९४९ साली शांततावाद्यांनी सुरू केलेल्या ‘सर्वास’ या संस्थेत जगभरचे सभासद एकमेकांना घरात फुकट ठेवून घेतात, तिथे रिवाज साधारण दोन रात्रींचा आहे. जुन्या मित्राकडे आठवडा चालेल; उरलेल्या दिवसांत हॉटेल घ्या, गावं बघा. तूप-पेढे बॅगेत भरू नका, दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत. तिखट-मसाला न्या, आणि एका रात्री पाटवडीचा रस्सा तुम्ही दोघांनी मिळून करा, ओटा पुसून ठेवण्यापर्यंत.

राहिली परतफेड. तिकिटं काढायच्या आधी त्या मंडळींना वर्ध्याचं आमंत्रण लिहून पाठवा. कधीतरी या असं मोघम नको, महिना घालून. डिसेंबर-जानेवारी बरा. वरची खोली तोवर रिकामी करून ठेवा, तिथल्या जुन्या कपाटाचं काय करायचं ते वहिनींनी कळवावं.

तुमचा,
धाकटा