फक्त वाचा!

सीडीवरची फाईल दुरुस्त करून सेव्ह करायला जावं, तर 'रीड ओन्ली' म्हणून ठेंगा! पण सीडी बिघडलेली नसते. सीडी-आर म्हणजे गोंदणच. लेझर आतल्या रंगाच्या थरावर खुणा उमटवतो, त्या पुसता येत नाहीत. सेशन उघडं ठेवलं असेल तर उरलेल्या जागेत भर घालता येते. 'फायनलाइज' केलं की तेही नाही. मग फाईल हार्ड डिस्कवर उतरवायची, प्रॉपर्टीजमध्ये 'रीड ओन्ली'वर टिक असेल तर काढायची, बदल करायचा आणि नवी सीडी बर्न करायची.

2004 साली बाबांच्या आठवणी ताईने टाईप करून अशाच सीडीवर ठेवल्या. पणजीचं माहेरचं नाव यंदा आत्याकडून कळलं. नव्या प्रतीत ते आलं. "आता जुनी टाकून देऊ?" ताईने विचारलं. मी म्हटलं, राहू दे. बाबा आता नाहीत. नावाच्या जागी त्यांचं "आठवत नाही गं" आहे, ते त्या जुन्या सीडीवरच... आणि तिथे ते कुणालाच खोडता येणार नाही.

असो. तो रंग मात्र उन्हाने, दमटपणाने फिका पडतो. तेव्हा मंडळी, कपाटातल्या सीड्या वाचता येतायत तोवर उतरवून घ्या!