डाग बांधाचा की कॅमेऱ्याचा?

ड्रोनच्या कॅमेऱ्यात धूळ गेली तर फोटोतला डाग संगणकावर पुसावा, कॅमेरा उघडू नये, असं माझं अनेक वर्षं पक्कं मत होतं. त्याला कारणंही होती. खाडीकाठच्या आमच्या आरोंदा गावाची हवा खारट आणि दमट. एक कण बाहेर काढायला जावं तर चार आत शिरायचे. शिवाय कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलमधल्या कागदासारख्या पातळ फितीला धक्का लागला की दुरुस्तीसाठी थेट मोठं शहर गाठावं लागतं. लग्नाच्या किंवा सातेरी भद्रकालीच्या जत्रेच्या फोटोत आभाळातला एक ठिपका पुसला, तर कुणाचं काही बिघडत नाही. हे मी आजही म्हणतो.

मत फिरलं ते बांधाच्या फोटोंमुळे. तेरेखोलच्या खाडीकाठी भातशेती वाचते ती मातीच्या बांधांमुळे. खेकडे त्यात बिळं करतात, भरतीचं पाणी झिरपू लागतं, वेळीच माती पडली नाही तर एखाद्या उधाणात बांध फुटतो. खारं पाणी एकदा आत आलं की ते मीठ धुऊन जायला पावसाळ्याची वाट बघावी लागते. वरून पाहिलं तर या झिरपण्याची सुरुवात म्हणजे चिखलातला एक गडद, ओला ठिपका. शेजारच्या काकांनी छापलेला फोटो उजेडात धरला, ठिपक्यावर नख टेकवलं आणि विचारलं, "ह्यो डाग बांधाचो काय तुझ्या कॅमेऱ्याचो रे?"

मी लगतचा दुसरा फोटो काढून शेजारी ठेवला. ड्रोन पुढे सरकला होता, बांध मागे गेला होता, ठिपका मात्र चौकटीत जिथल्या तिथे. म्हणजे धूळच. पण काकांचा प्रश्न डोक्यातून जाईना. संगणकावरचं साधन डाग खरं तर पुसत नाही. शेजारचा चिखल उचलून त्यावर चिकटवतं. त्याखाली खरोखरच एखादं बीळ असेल तर तेही बुजतं, आणि फोटो बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. ज्याच्या भरवशावर माणूस बांधावर माती टाकणार, त्या फोटोत असली भर मला मान्य नाही.

म्हणून आता कॅमेरा उघडतो. माझ्या कॅमेऱ्याची लेन्स निघते म्हणून हे जमतं. लहान ड्रोनची लेन्स फोकस जुळवून चिकटवलेली असते, ती कारागिराकडेच द्यावी. आधी मोकळ्या आभाळाचा फोटो काढतो, अ‍ॅपर्चर होईल तेवढं बारीक करून. उघड्या अ‍ॅपर्चरला धूळ विरघळल्यासारखी दिसते, बारीक केलं की ठसठशीत उठते. मग बॅटरी काढायची, घरातला पंखा बंद करायचा, लेन्स काढून कॅमेऱ्याचं तोंड खाली धरायचं आणि रबरी ब्लोअरने हवा मारायची, म्हणजे सुटलेला कण खाली पडतो. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे तुषार जातात. डब्यातली दाबाची हवाही नको. तिच्यातला गार द्रव काचेवर उडाला तर नवाच डाग पडतो. आमची जांभ्याची लाल धूळ पिठासारखी बारीक. दमट हवेत ती ब्लोअरला दाद देत नाही, तेव्हा सेन्सरच्या रुंदीचा खास स्वॅब त्याच्यासाठीच्या द्रावणात जेमतेम ओला करून एका दिशेने एकदाच फिरवतो. घासायचं नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा हात थरथरत होता.

धूळ उडवतात ते ड्रोनचेच पंखे, म्हणून हल्ली उड्डाण मोकळ्या मातीवरून न करता ओल्या ताडपत्रीवरून करतो. जानेवारी २०२३ मध्ये जवळच गोव्यात मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून उडवण्याआधी ड्रोन कुठे उडवता येईल ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्कायचा नकाशा बघावा लागतो, त्यामुळे मिळालेलं उड्डाण वाया घालवणं परवडत नाही.

लग्नाचे फोटो अजूनही संगणकावरच साफ करतो. बांधाच्या फोटोला मात्र हात लावत नाही, आणि तो देताना त्याच दिवशी काढलेला कोऱ्या आभाळाचा फोटोही शेतकऱ्याला सोबत देतो.