झोपलेला संगणक आणि रजेवरचा अधिकारी

सरकारी कार्यालयात संगणक बिघडला की पहिला आरोप हवेवर जातो, दुसरा विजेवर आणि तिसरा व्हायरसवर. चेन्नईत समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेमुळे पहिल्या आरोपाला साक्षीदारही मिळतो. २०१४ साली माझी तेथे नेमणूक असताना आमच्या शाखेतील एका लॅपटॉपवर हे तिन्ही आरोप ठेवून झाले होते. जागा केला की थोड्याच वेळात निळा पडदा दाखवून तो बंद पडे आणि पुन्हा सुरू केल्यावर काही तक्ते उघडतच नसत. उघडले तर आत निरर्थक चिन्हे. ते तक्ते कुटुंब निवृत्तिवेतनाच्या थकबाकीचे होते. त्यातील एक ओळ गेली, तर कोणा विधवेचे पैसे लांबत. पुरवठादाराने हार्ड डिस्क बदलून दिली. पंधरवड्यात पुन्हा तोच प्रकार.

मी एक साधी नोंदवही ठेवायला सांगितली : लॅपटॉप कोणी व कसा बंद केला, कोणी व कोणत्या प्रणालीत उघडला. शेवटचा रकाना मोलाचा ठरला. यंत्रात दोन प्रणाली होत्या, विंडोज आणि चेन्नईच्याच सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स. तामिळनाडूत हे नवलाचे नव्हते. सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झालेल्या विद्यार्थ्यांच्या मोफत लॅपटॉप योजनेतही अशी दुहेरी यंत्रे वाटली गेली होती. परप्रांतात नोकरी करणाऱ्या वाचकांना आमची विभागणी ओळखीची वाटेल : हिशेब इंग्रजीत, विंडोजवर, पत्रव्यवहार तमिळमध्ये, बॉसवर. फाइली मात्र डिस्कच्या एकाच सामाईक भागात.

आता झोपेचे प्रकार पाहू. स्लीपमध्ये मेमरीला थोडी वीज मिळत राहते. हायबरनेटमध्ये मेमरीतील सर्व काही डिस्कवर उतरवून वीज तोडली जाते. २०१२ च्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आले. त्यात शट डाउन म्हटले तरी प्रणालीचा गाभा हायबरनेटच होतो. "मी रोज शट डाउनच करतो," असे शपथेवर सांगणारे आमचे लिपिक खोटे बोलत नव्हते.

कोणती फाइल डिस्कवर कोठे आहे, ही यादी स्मरणात धरूनच विंडोज झोपी जाई. मधल्या वेळेत दुसरा लिपिक बॉस सुरू करून तेथेच नवे पत्र साठवी. जागे झालेले विंडोज जुन्या यादीवर विसंबून, मोकळी समजलेल्या जागेवर लिहून टाकी. एनटीएफएस पद्धतीच्या भागात झोपेच्या खुणा पाहून लिनक्स सहसा लिहिण्यास नकार देते. आमचा भाग फॅट पद्धतीचा, तेथे असा अडसर नाही. दोन्ही प्रणाली आपापल्या जागी बरोबरच होत्या.

प्रशासनात हे आपण नेहमी पाहतो. रजेवरून परतलेला अधिकारी फाइल न वाचता जुन्या आठवणीवर टिपणी लिहितो आणि प्रभारी अधिकाऱ्याचा आदेश तिच्याखाली गाडला जातो. कार्यभार हस्तांतराचा अहवाल उगाच लागत नाही.

आम्ही पॉवरसीएफजीची आज्ञा देऊन हायबरनेट बंद केले. त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही गेले. प्रणाली बदलायची तर रीस्टार्ट करूनच, असा नियम केला. दुरुस्तीपूर्वी बिघडलेल्या भागाची जशीच्या तशी प्रत काढली, कारण डिस्क तपासणारी आज्ञाही कधीकधी उरलेसुरले तुकडे छाटून टाकते. बाकीच्या ओळी दोन लिपिकांनी कागदी नोंदवह्यांवरून पुन्हा भरल्या. नव्या हार्ड डिस्कचे बिल तोवर मंजूर होऊन गेले होते.