२० टक्के कमी करा!

महिला खेळाडूंनी आपले स्नायू २० टक्क्यांनी कमी करावेत! डिसेंबर २००४ मध्ये बॉडीबिल्डिंगच्या 'आयएफबीबी' या आंतरराष्ट्रीय संघटनेनं चक्क असा फतवा काढला होता. आता हे २० टक्के मोजायचे कसे? टेप दंडाला लावायची की मांडीला?

मला यात आमच्या घरचाच सूर ऐकू आला. दोन वर्षं मी वेट ट्रेनिंग करतेय. मावसबहिणीच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला टाकला, तर शिंपीकाका म्हणाले, 'ताई, बाही एक इंच वाढवावी लागेल.' आई तिथंच वैतागली. 'पुरे झालं ते जिम. उद्या बघायला येणारे काय म्हणतील?' गॅसचा सिलिंडर बदलायचा असला की मात्र घरात हाक मलाच!

'मिस ऑलिंपिया' ही बायकांच्या बॉडीबिल्डिंगमधली सर्वांत मानाची स्पर्धा. १९८० साली फिलाडेल्फियात सुरू झाली, पहिली विजेती रेचल मॅक्लिश. सडपातळ, रेखीव. पण खरोखरचे दणकट स्नायू घेऊन कुणी आलं तर? ऑस्ट्रेलियाची पॉवरलिफ्टर बेव्ह फ्रान्सिस आली आणि परीक्षकांची पंचाईत झाली. 'पम्पिंग आयर्न टू' या १९८५ च्या माहितीपटात एका स्पर्धेत ती थेट आठवी येते. बाईनं बाईसारखं दिसायला हवं की नको, यावरच तिथं वाद! १९९१ च्या मिस ऑलिंपियात ती पूर्ण ताकदीनिशी उतरली आणि लेंडा मरीकडून अवघ्या एका गुणानं हरली.

गंमत बघा. फतवा निघाला त्याच वर्षी आयरिस काइलनं पहिला किताब जिंकला. २०१४ पर्यंत तिचे १० किताब झाले. पुरुषांच्या 'मिस्टर ऑलिंपिया'त ली हेनी आणि रॉनी कोलमन यांचा विक्रम ८ चा! आणि तिला बक्षीस काय मिळालं? २०१५ पासून स्पर्धाच बंद. कमी स्नायूंचे फिगर, बिकिनी, फिजिक हे गट मात्र तोवर थाटात सुरू झाले होते. मिस ऑलिंपिया परतली ती २०२० मध्ये, ऑर्लँडोत. तेव्हा अँड्रिया शॉ जिंकली.

पुरुषांसाठी 'मोठं ते चांगलं' हे सरळ गणित. बायकांना मात्र 'कमव, पण जरा बेतानंच'!

मराठीत आपण 'कमावलेलं शरीर' म्हणतो. किती नेमका शब्द आहे! पहाटे साडेपाचचा अलार्म, उकडलेली अंडी, दुखणारे गुडघे यांतून ती कमाई होते. पगारातून न विचारता २० टक्के कापले, तर आपण एचआरच्या केबिनमध्ये जाऊन भांडू. मग दंडातून का कापू द्यायचे?