बाबांची गोणपाटाची पिशवी

आमच्या आरोंद्याला खाडी इतकी जवळ, की पावसाळा सरला तरी दाराची कडी गंजायची थांबत नाही. तेरेखोलच्या पलीकडे गोवा. या खाऱ्या वाऱ्याचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत; पण माझे वडील ट्रेलरवर ड्रायव्हर, त्यामुळे आमच्या घरी वाऱ्याला शिव्याच मिळतात.

बाबा सुट्टीवर येतात ते गोणपाटाची जड पिशवी घेऊन. तिच्यात माल आवळायचे पट्टे, त्यांचे रॅचेट, साखळ्या आणि टर्नबकल. उघड्या ट्रेलरला फाळके नसतात. लोखंडी पाइप असोत की यंत्रे, सारी भिस्त या पिशवीवर.

आधी सगळे विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायचे. मीठ न काढता तेल चोपडले, तर तेलाखालून गंज चालूच राहतो. पट्टे सावलीत वाळवायचे, कारण उन्हाने त्यांचे धागे कमजोर होतात. टर्नबकलच्या आट्यांना ग्रीस; रॅचेटच्या खिटीला मात्र पातळ तेलाचे दोनच थेंब. घट्ट ग्रीसमध्ये वाळू बसली की खिटी दातात नीट पडत नाही, आणि ती घाटात सुटली तर काय, हे आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

“पट्ट्याक तेल लावू नको हां गे!” हे बाबा दर खेपेस बजावतात. तेलकट पट्ट्याला वाळू चिकटते आणि धागे कापते. शिवाय मालावरून टाकलेला पट्टा माल ओढून धरत नाही, तळावर दाबतो. धरते ते घर्षण. घर्षण कमी करण्याचे उपाय लिहून मी शाळेत गुण मिळवले होते. ते जपावेही लागते, हे ओसरीवर कळले.

गेल्या दिवाळीत पट्ट्याला शिवलेली निळी चिठ्ठी मी वाचली. बाबा चौथी शिकलेले. इंग्रजी अक्षरे ओळखतात ती नंबरप्लेटपुरती. ‘पाच टनी’ म्हणून घेतलेल्या त्या पट्ट्यावर सरळ ओढीला २५०० आणि वेढा घातल्यास ५००० डेकान्यूटन असे लिहिले होते. म्हणजे सरळ ओढीला अडीच टनच! मी भीतभीत सांगितले. बाबा चिठ्ठीकडे बराच वेळ पाहत राहिले.

“म्हणानच मी एक पट्टो जास्त घालतंय,” ते म्हणाले. पण लगेच त्यांनी सगळे पट्टे माझ्यापुढे टाकले.

तिघांवरची अक्षरे पुसली होती. ते त्यांनी बाजूला काढले. पट्टे बाबांना पदरचे घ्यावे लागतात, आणि माझी परीक्षेची फी त्याच महिन्यात होती. आधी पट्टे आले. फी शेवटच्या दिवशी भरली. जुन्या पट्ट्यांवर आता आई कपडे वाळत घालते.