कागदावर अम्मीचे नाव

रत्नागिरीचे नाव घेतले की बाहेरगावच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, हापूस आणि वेड्यांचे इस्पितळ. राज्यात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालये चारच. ठाणे, येरवडा, नागपूर आणि आमचे रत्नागिरी. गावात ते इस्पितळ पिढ्यान्‌पिढ्या असल्यामुळे की काय, आमच्या मोहल्ल्यांत एक गल्लत पक्की बसली आहे. जे मूल उशिरा चालते, उशिरा बोलते, मोठे झाले तरी सुट्या पैशांचा हिशेब करू शकत नाही, त्याला लोक बेधडक ‘येडा’ म्हणून मोकळे होतात. आम्ही उर्दू शाळेत शिकवणारे. पालकसभा संपल्यावर एखादी आई मागे थांबते, तेव्हा पहिली पंधरा मिनिटे ही गल्लत सोडवण्यातच जातात. मनाचा आजार कोणालाही, कोणत्याही वयात होतो आणि त्यावर औषध चालते. बुद्धीची वाढ कमी असणे हा आजारच नव्हे. ते लहानपणापासून असते, गोळीने जात नाही, पण शिकवल्याने मूल पुष्कळ पुढे जाते.

घरातल्या प्रेमाबद्दल आमची तक्रार नाही. अशा मुलाला आपल्याकडे दादीच्या ताटातला पहिला घास मिळतो, ईदचा नवा जोडा आधी त्याला शिवतात. दम करून आणतात, दर्ग्यावर नेतात. दुआ कोणी का अडवावी? पण दुआ चालू असताना कानाची तपासणी, बोलण्याचे उपचार, सिव्हिलमधला दिव्यांगाचा दाखला हेही व्हायला हवे. ते राहून जाते. घरात धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे असते आणि दाखला काढला तर सगळ्यांना कळेल, ही धास्ती असते. (जणू मोहल्ल्यात तोवर कोणाला ठाऊकच नव्हते!)

खरी अडचण येते ती मूल अठराचे झाल्यावर. आमच्या शाळेतून गेलेल्या एका मुलाचे उदाहरण सांगतो. वडील आखातात, घर अम्मीच्या जिवावर. मुलाच्या नावाने लहानपणी बँकेत खाते काढलेले, त्यात वडिलांनी थोडे थोडे करून बरे पैसे ठेवलेले. मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि बँकेने सांगितले, आता तो सज्ञान आहे, त्याची सही लागेल. त्याला सही येत नाही. अम्मी म्हणाल्या, मी आई आहे. त्यावर काउंटरवरचा माणूस म्हणाला, आई असाल, पण पालक असल्याचा कागद कुठे आहे? अम्मी तिथून थेट शाळेत आल्या. आमच्यापुढे बसून एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, “अठरा वर्षं मी कोण होते मग, आपा?”

काउंटरवरचा माणूस रुक्ष बोलला, पण कायद्याने चुकीचे बोलला नाही. अठराव्या वर्षी आई-बापांचे पालकत्व आपोआप संपते, मूल कसेही असो. हीच अडचण ओळखून 1999 साली संसदेने राष्ट्रीय न्यास कायदा केला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता अशा चार प्रकारच्या व्यक्तींसाठी तो आहे. आई-वडिलांच्या मागे या मुलांचे काय, याची तजवीज करणे हे त्याचे एक उद्दिष्टच आहे. त्याच्यामागे पालकांची मोठी धडपड आहे. मुंबईत 1944 मध्ये वकील नावाच्या पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी शाळा सुरू केली, तीच आजची जय वकील शाळा. डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेने खोणी गावात मोठ्या झालेल्या मुलांसाठी ‘घरकुल’ उभे केले. आपल्या रत्नागिरीत आविष्कार संस्थेची सविता कामत विद्यामंदिर ही शाळा आहे, आणि शाळेचे वय उलटलेल्यांसाठी शामराव भिडे कार्यशाळा. दिवाळीच्या आधी तिथल्या मुलांनी रंगवलेल्या पणत्या शहरात विकल्या जातात. अशा पालकांच्या सभांना आपल्या समाजातल्या अम्मी फार थोड्या दिसतात, हे आम्हाला खटकते.

या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणी झालेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, असे तिघे तिच्यात असतात. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. आई, बाप किंवा नातेवाईक अर्ज करतो, पालक म्हणून कोणाला नेमायचे ते सुचवतो, आणि समिती पाहून नेमणूक करते. अर्जाला दिव्यांगाचा दाखला लागतो. म्हणूनच तो लपवू नका, असे आम्ही घसा कोरडा करून सांगतो.

आपल्या घरांसाठी यातली एक गोष्ट फार मोलाची आहे. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात लहान मूल सांभाळण्याचा हक्क आईला असतो, पण मालमत्तेचा वली बाप, नाहीतर बापाने नेमलेला माणूस किंवा दादा. नवरा परदेशात, सासरे वारलेले, अशा बाईचे हात तिथे बांधले जातात. राष्ट्रीय न्यासाचा कायदा आई आणि बाप असा भेद करत नाही, धर्मही विचारत नाही. अम्मीचे नाव पालक म्हणून लागू शकते. त्या मुलाच्या अम्मींचे लागले. वेळ गेला, दोन फेऱ्या उगाच झाल्या, पण लागले. एका संस्थेच्या ताई प्रत्येक वेळी बरोबर होत्या. त्यांनी अर्ज लिहून दिला असे नाही, अम्मींकडून लिहून घेतला. आमच्या मते खरी मदत ती हीच.

पालक झाले म्हणजे मालक झाले असे मात्र नाही. नेमणुकीनंतर सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशेब. पालक हेळसांड करत असेल, पैसे खात असेल, तर नातेवाईक किंवा संस्था तक्रार करून त्याला काढायला लावू शकतात. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आंब्याच्या कलमांची वाटणी होते तेव्हा घराघरात काय चालते ते कोकणात सर्वांना माहीत आहे. ‘त्याला काय कळतं, आपण सांभाळतोच आहोत ना’ असे म्हणत त्याचा अंगठा कागदावर उमटवला जातो. शरीयतमध्ये बुद्धी कमी असल्याने वारसाहक्क जात नाही. भावाएवढाच हिस्सा त्याचा. उलट काही आई-बाप मायेपोटी सगळे घर त्याच्याच नावावर वसीयत करायला निघतात. तेही अडते, कारण वारसाच्या नावाने केलेली वसीयत बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. हयातीतच हिबा करून ताबा देणे हा मार्ग आहे, पण तो एखादा जाणकार आलिम आणि वकील या दोघांना विचारून करावा. नुसत्या शेजाऱ्याच्या सल्ल्याने नको.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा आणखी एक पाऊल पुढे गेला. पालकाने निर्णय परस्पर घ्यायचा नाही, त्या व्यक्तीशी बोलून दोघांनी मिळून घ्यायचा, असा त्याचा रोख आहे. आपल्याकडे हे पटायला जड जाते. वीस वर्षांच्या मुलाला आपण ‘बच्चा’ म्हणतो, त्याच्यासमोर त्याच्याचबद्दल बोलतो, जणू तो तिथे नाही. तो मुलगा आता एका कार्यशाळेत जातो. कागदी पिशव्यांना खळ लावतो, सिटी बसने एकटा ये-जा करतो. एसटीचे कंडक्टर त्याला नावाने हाक मारतात. महिन्याला मिळणारे पैसे थोडेच, पण ते अम्मीच्या हातात देताना तो मोजून देतो, मोजणे चुकले तरी.

अम्मींना साखर आहे, गुडघे गेले आहेत. आपल्यानंतर पालक म्हणून कोणाचे नाव सुचवायचे, यावर घरात बोलणे चालू आहे. मोठी बहीण चिपळूणला दिलेली. तिच्या नवऱ्याची तयारी आहे, ही बातमी अम्मींनी आम्हाला रडत रडत सांगितली. मग त्या ताईंनी सुचवले, आता त्यालाही विचारा. बहिणीने विचारले, “भाई, माझ्याकडे राहशील?” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तिकडून कामाला जायला बस आहे?”

चिपळूणहून रत्नागिरीला रोजची ये-जा त्याच्या बेताची नाही. तिकडे अशी एखादी कार्यशाळा मिळते का, हे बहीण पाहते आहे. पालकाच्या नावाची जागा तोवर त्यांनी रिकामी ठेवली आहे.