पैलू पाडणे

आपल्या भाषेतले काही शब्दप्रयोग इतके स्वस्त झाले आहेत की, त्यांची मूळ किंमत काय होती हे विचारण्याचे कुणाला सुचतही नाही. 'पैलू पाडणे' हा त्यांतलाच एक. स्नेहसंमेलनाचा पाहुणा असो की निरोप समारंभाचा वक्ता, शिक्षकाने विद्यार्थ्यांना 'पैलू पाडले' असे म्हटल्याखेरीज त्याला खाली बसवत नाही. छत्तीस वर्षे गणित शिकवून मी निवृत्त झालो, त्या दिवशीच्या सभेत हा शब्दप्रयोग चार वेळा आला. (गणिताच्या मास्तराला मोजण्याची खोड असते, ती पेन्शनबरोबर जात नाही.) गळ्यात हार घालून मी बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, ज्या कामाचे श्रेय ही मंडळी आपल्याला देत आहेत, ते काम करतात तरी कसे?

निवृत्त माणसाजवळ वेळ असतो आणि घरातल्या माणसांना तो नको असतो. मी शोधाला लागलो. पुण्यातल्या एका पेठेत, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, खड्यांना पैलू पाडणारे एक वृद्ध कारागीर बसतात. मूळचे जयपूरचे, पण चाळीस वर्षांत पुणेरी झालेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मीही म्हणू लागलो. ते मला 'मास्तर' म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक वाक्य सांगितले आणि ते शिकवणीचे पहिले सूत्र ठरले.

"मास्तर, खडा कापायचा नसतो. झिजवायचा असतो."

चाचा स्वतः काठीच्या टोकाला खडा चिकटवून, नुसत्या हाताच्या अंदाजाने तो फिरत्या चकतीवर धरतात. तो अंदाज यायला उभा जन्म लागतो. साठी उलटलेल्या विद्यार्थ्याला यंत्राचाच आधार बरा, असे त्यांचे मत पडले आणि जयपूरहून एक यंत्र आमच्या घराच्या मागच्या गॅलरीत येऊन बसले. यंत्र तसे साधे. एक आडवी फिरणारी चकती, शेजारी उभा खांब, खांबाला जोडलेला एक हात. हाताच्या टोकाला पितळी दांडी आणि दांडीच्या टोकाला लाखेने चिकटवलेला दगड. हात किती कलला हे दाखवायला कोनमापक. आणि दगड स्वतःभोवती किती फिरला हे ठरवायला ९६ दात्यांचे एक चक्र.

हे ९६ पाहून मला शाळेतला जुना मित्र भेटल्यासारखे झाले. या आकड्याला दोनाने भागा, तिनाने भागा, चार, सहा, आठ, बारा, सोळा – कुणालाही तो नाही म्हणत नाही. बारा-बारा दात्यांवर थांबलात की आठ समान पैलू. सहा-सहावर थांबलात की सोळा. नेहमीच्या गोल घाटाच्या खड्याला, ज्याला इंग्रजीत ब्रिलियंट म्हणतात, ५७ पैलू असतात. कमरेच्या वर ३३, खाली २४. दागिन्यात चमकणारा खडा म्हणजे फळ्यावर न मावणारी भूमिती आहे, हे मला त्या वयात कळले.

नवशिक्याने आरंभ करावा तो स्फटिकाने. आपण नदीकाठी लाथेने उडवतो ती गारगोटी याच कुळातली. स्फटिक स्वस्त असतो, मिळतो भरपूर आणि स्वभावाने सरळ असतो. फ्रीडरिख मोस या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची शिडी लावली. तीत स्फटिक सातव्या पायरीवर, टोपॅझ आठव्या, माणिक-नीलम ज्या कुरुंदाचे बनतात तो नवव्या आणि हिरा दहाव्या. पण नुसता कठीणपणा पाहून भागत नाही. टोपॅझच्या अंगात एक छुपी सपाट दिशा असते आणि त्या दिशेने तो फळीसारखा चिरकतो. पैलू नेमका त्या पातळीला समांतर आला, तर तो काही केल्या झिलई घेत नाही. स्फटिकाला असली खोड नाही.

कामाचा क्रम असा. दगड मंद आचेवर हळूहळू ऊन करायचा (घाई केली तर तो तडकतो), लाख वितळवून दांडीला चिकटवायचा, आणि आधी बूड घडवायचे. पहिली चकती खरखरीत, हिऱ्याच्या २६० नंबरच्या कणांची, मग ६००, मग १२००. अंक चढतो तसे कण बारीक होतात. शेवटी सेरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून झिलई. बूड झाले की दगड उलटून दुसऱ्या दांडीवर घ्यायचा आणि माथा घडवायचा. सगळे काम पाण्याखाली. चकतीवर थेंब-थेंब पाणी पडतच राहिले पाहिजे. याचे कारण केवळ दगड तापतो एवढेच नाही. गारगोटीची कोरडी धूळ फुफ्फुसात बसली की पुन्हा निघत नाही. खंभातचे अकीक जगभर गेले. ते घासणाऱ्या कारागिरांच्या वाट्याला मात्र सिलिकोसिस आला. चाचा पाण्याच्या नळीवर माझ्या कोनमापकापेक्षा कडक नजर ठेवतात, ती यामुळे.

पहिल्या खड्याला मला अकरा संध्याकाळी लागल्या. कानही शिकतो हे मला ठाऊक नव्हते. पैलू अरुंद असतो तेव्हा चकतीचा आवाज बारीक येतो. रुंद होत जातो तसा तो भरदार होतो. क्षणभर दगड टेकवायचा, उचलायचा, पुसायचा, दहापट भिंगातून पाहायचे, पुन्हा टेकवायचा. तीन पैलूंच्या कडा एका बिंदूत मिळाल्या की मनाला जे समाधान वाटते, ते प्रमेयाच्या शेवटी 'हेच सिद्ध करायचे होते' लिहिताना वाटे, त्याच जातीचे.

आणि कोन! आयुष्यभर मी कोन शिकवले. मुलाने ४३ च्या जागी ४२ लिहिले तर अर्धा गुण देऊन सोडून दिले. दगड अर्धा गुण देत नाही. स्फटिकात शिरलेला प्रकाश बुडाच्या पैलूवर आपटतो. तिथल्या लंबाशी त्याचा कोन सुमारे ४०.४ अंशांहून मोठा असेल, तर तो आतल्या आत परावर्तित होतो आणि फिरून माथ्यातून आपल्या डोळ्यांकडे येतो. त्याहून लहान असेल, तर मागच्या मागे निसटतो. म्हणून स्फटिकाचे बूड ४२-४३ अंशांवर घडवतात. ते ३८ वर घडवले की खड्याच्या मध्यभागी खिडकी पडते आणि तो वर्तमानपत्रावर ठेवला तर खालची अक्षरे वाचता येतात. हिऱ्यात हीच सीमा साडेचोवीस अंशांच्या आसपास असते. म्हणून प्रकाश त्याच्या तावडीतून सहजी सुटत नाही. खड्याला स्वतःचा उजेड नसतो. आपल्याकडे आलेला उजेड तो परत देतो की वाया घालवतो, एवढाच प्रश्न.

पण या उजेडाची किंमत मोजावी लागते. कच्च्या दगडाचा तीन-चतुर्थांश भाग चिखल होऊन वाहून जातो, हे या धंद्यातले नेहमीचे गणित. कोहिनूर इंग्लंडला गेला तेव्हा १८६ कॅरटचा होता. त्याला पुरेशी चमक नाही म्हणून १८५२ साली अॅमस्टरडॅमचे कारागीर आणून तो ३८ दिवस पुन्हा घासला, राहिला १०५.६ कॅरट. आपल्याकडचे जुने जवाहिरे दगडाचे वजन राखण्यासाठी त्याच्या मूळ आकाराच्या कलाने पैलू पाडत, आणि विलायतेला उजेड हवा होता. कोणाचे बरोबर, हा वाद अजून मिटलेला नाही.

हे कळल्यापासून 'विद्यार्थ्यांना पैलू पाडले' या वाक्याची मला धास्तीच वाटते. कोवळ्या मुलाचा तीन-चतुर्थांश भाग चिखल करून टाकण्याचा अधिकार कुणाला असतो? मुले आपापल्या परीने वाढली, मी त्यांना त्रिकोण दाखवले. तेवढे पुरे.

दगडाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहिला. माझे वडील जळगाव जिल्ह्यात विहिरींच्या कामावर मुकादम होते. आपला दख्खनचा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्याने स्फटिक वाढवले. अशाच एका पोकळीवर पहार बसली आणि वडिलांच्या हाती जांभळ्या स्फटिकाचे एक टोक आले. बाजारात त्याला अॅमेथिस्ट म्हणतात, चाचा कटेला म्हणतात. वजन २४ ग्रॅम, म्हणजे १२० कॅरट. खाली पांढुरका, टोकाशी गर्द जांभळा, आणि टोकाच्या एका अंगाला पहारेचा घाव. वडिलांनी तो आयुष्यभर हजेरीच्या कागदांवर ठेवला.

"बाबा, त्याचं लॉकेट करून द्या मला," नागपूरहून आमच्या कन्येने फोनवर सांगितले. "आजोबांना विहिरीत पाणी हवं होतं, दगड नव्हे. त्यांनी तो ठेवला, कारण तो कामाला आला. आता कपाटात त्याला काय काम आहे?"

"मामंजींनी तो जसा होता तसा जन्मभर सांभाळला," सौ. म्हणाली. "त्यांना काय सोनार ठाऊक नव्हता? अहो, एकदा घासलात की घासलात."

मी कोनमापक काढला आणि दगडाच्या उभ्या बाजू मोजल्या. प्रत्येक दोन बाजूंमध्ये १२० अंश. स्फटिक कुठल्याही देशातला, कितीही वेडावाकडा असो, हा कोन बदलत नाही, हे निकोलस स्टेनोने १६६९ सालीच दाखवून दिले आहे. भूगर्भाने एवढ्या अचूकपणे पाडलेले पैलू पुसून त्यांवर आपले पाडायचे? मी चाचांकडे गेलो. त्यांनी दगड पाव तास उजेडात फिरवून पाहिला. घावाची चीर टोकात किती खोल गेली आहे तेही दाखवले. पण सल्ला मात्र दिला नाही. "हे तुमच्या घरचं काम, मास्तर. आधी ठरवा, मग या."

सगळा पावसाळा मी ठरवत होतो. शेवटी निर्णय दिला तो एका जुन्या सवयीच्या आठवणीने. हिशेब संपले की वडील तो दगड उचलून कंदिलासमोर धरत आणि एक डोळा मिटून आत पाहत. बराच वेळ पाहत. मग काही न बोलता कागदांवर ठेवून देत. आत शिरलेला उजेड बाहेर येत नव्हता. ते तो शोधत असावेत, असे मला आता वाटते.

चाचांनी करवतीने पांढुरके बूड वेगळे केले. १६ ग्रॅमचा तो तुकडा सौ.ने मागून घेतला. टोकाचे ३८ कॅरट माझ्या दांडीवर चढले. पहिल्या दिवशी मी चकतीखालच्या भांड्यात पाहिले आणि थांबलो. दगड जांभळा, पण त्याची पूड पांढरीशुभ्र. रंग कुठे गेला, असे सौ.ने विचारले. रंग स्फटिकाच्या जडणीत असतो, पुडीत तो दिसत नाही, असे मी शास्त्र सांगितले. ती काही बोलली नाही. भांड्यातले पाणी तिने बूड ठेवले होते त्या खिडकीतल्या कुंडीत ओतले.

सतरा संध्याकाळींनंतर खडा झाला. आठ कॅरट. पहारेच्या घावाचा मोठा भाग पहिल्याच तासात गेला होता. चिरेचे शेवटचे टोक मात्र कमरेजवळ केसाएवढे राहिले आहे. भिंगाशिवाय दिसत नाही.

"अजून पाव कॅरट उतरवलं तर साफ होईल," चाचा म्हणाले.

"असू दे," मी म्हटले.

चाचांनी माझ्याकडे पाहिले, खडा कागदाच्या पुडीत घातला आणि पुडी माझ्या हाती दिली. कन्या पाडव्याला येणार आहे.